श्राद्धाच्या सकाळी तुंबलेली मोरी

आता मी अमरावतीला मुलाकडे असतो. चार वर्षांपूर्वी अकोल्याच्या घरी जे झालं, ते आजवर मी नातेवाइकांना एका पद्धतीने सांगत आलो. ते तसं झालं नव्हतं.

वडिलांचं श्राद्ध होतं. उन्हाळा होता, नळ चार-पाच दिवसांनी यायचा. टाकीने तळ गाठला होता. पहाटे स्वयंपाकघरातल्या मोरीचं पाणी उतरेना, उलट न्हाणीत काळपट पाणी वर येऊ लागलं. बारा वाजता ब्राह्मण जेवायला यायचे होते. बायको उठण्याआधी मी संडास धुण्याच्या ॲसिडची अर्धी बाटली मोरीत ओतली आणि उरलेली मागच्या पत्र्याखाली ठेवली. काही फरक पडला नाही. आंघोळीपुरतं पाणी काढून न्हाणीतला ड्रमही त्यावर ओतून रिकामा केला. घरात उरले ते सोवळ्यात भरलेले दोन हंडे, एक स्वयंपाकाचा आणि एक पूजेचा.

नाल्या मोकळ्या करणारा माणूस आठ वाजता आला. बार्शीटाकळीचा, चाळिशीतला. एका ठेकेदाराची स्प्रिंगची मशीन घेऊन तो कामाला जायचा. अंगातला शर्ट काढून त्याने पिशवीत घातला, पिशवी पत्र्याशेजारच्या पेरूच्या फांदीला टांगली आणि जुना बनियन चढवला. मी आंघोळ करून सोवळं नेसलो होतो, म्हणून मागच्या दारातूनच बोलत होतो.

"काका, आतमंदी ॲसिड-गिसिड टाकलं काय?"

"नाही."

"टाकलं असन तं सांगून द्या. मंग आदी दोन ड्रम पाणी सोडा, मी संध्याकाळी येतो. मले घाई नाही."

"नाही म्हटलं ना. पुन्हा तेच ते काय विचारता?"

"सगळेच नाही मनतात, म्हून इचारून राहिलो." तो हसला. "माह्या घरची नाली बी तुंबली हाय. बायको मनते, जगाच्या काढता अन् आपली काहून नाही? तिले काय सांगू?"

हो म्हणालो असतो, तर तो संध्याकाळी आला असता आणि श्राद्ध बुडालं असतं. पाणी सोडायचं तर सोवळ्याचे हंडे मोकळे करावे लागले असते. हे दोन्ही विचार माझ्या मनात स्पष्ट आले होते. मी गोंधळलो होतो, असं म्हणण्याची सोय नाही.

त्याने अंगणात निघणाऱ्या मोरीच्या पाइपात स्प्रिंग घातली, मशीन सुरू केली. ती आत कुठेतरी अडली, थरथरली. त्याने ती मागे ओढली आणि पाइपातलं पाणी त्याच्या तोंडावर उडालं.

तो ओरडला नाही. खाली बसला, डावा डोळा तळहाताने दाबला आणि म्हणाला, "पानी द्या. काका, पानी."

हंडे माझ्या पाठीशी चार पावलांवर होते. मी हललो नाही. ब्राह्मण यायचे होते, पाणी उद्या येणार होतं, सोवळ्याच्या पाण्यात नालीच्या कामासाठी तांब्या कसा बुडवायचा, असलं काहीतरी डोक्यात चाललं होतं. तो आंधळ्यासारखा हात पुढे करून म्हणत होता, "थोडंसंच द्या."

किती वेळ उभा होतो, ते मला सांगता येणार नाही. नंतर एकदा बायकोला विचारलं. ती म्हणाली, "भात उतू जाईपर्यंत."

भाताचा वास आला म्हणून ती चुलीकडे वळली आणि तिने अंगणात पाहिलं. "सरका," एवढंच म्हणाली. सोवळ्यातच होती ती. अख्खा हंडा उचलून बाहेर आली, त्याची मान मागे धरली आणि तांब्यामागून तांब्या डोळ्यावर ओतत राहिली. एक हंडा संपला तेव्हा मला म्हणाली, "दुसरा आणा. का तोही मीच आणू?"

त्या दिवशी श्राद्ध झालं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, डोळ्यात काय गेलं? मी म्हणालो, नालीचं पाणी. तो माणूस म्हणाला, "साहेब, काका मनतात काही टाकलं नव्हतं." त्याही अवस्थेत तो माझा शब्द धरून बोलत होता. डॉक्टरांनी डोळ्याला कागदाची पट्टी लावून तिचा रंग पाहिला आणि म्हणाले, ॲसिड आहे.

"यानेच टाकलं असेल," मी म्हणालो. "काम लवकर व्हावं म्हणून टाकतात हे लोक."

उघड्या डोळ्याने त्याने माझ्याकडे पाहिलं. बातमी कळून आलेला ठेकेदार दारातच उभा होता. विचारल्याशिवाय ॲसिड वापरणारा माणूस नको, म्हणून त्याने मशीन काढून घेतली. त्या डाव्या डोळ्याने आता त्या माणसाला नुसता उजेड दिसतो.

गेल्या महिन्यात मी बार्शीटाकळीला गेलो. तो घरापुढे बसून बांबूच्या चिपा एकमेकांना बांधत होता. आता मशीनऐवजी असल्या चिपा घालून हातानेच नाल्या काढतो. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने हातातली गाठ पुरी केली.

"मले मालूम होतं. बाटली पत्र्याखाली पायली होती मी, दवाखान्यात जाच्या आदी शर्ट घ्याले गेलो तवा."

"मग बोलला का नाहीत?"

"कोन आयकलं असतं काका? तुमी सोवळं नेसून उभे होते." त्याने चिपा बाजूला ठेवल्या. "मले काहून सांगता? मी तं तिथंच होतो. ज्याले मालूम नाही त्याले सांगा."

खिशातून मोबाइल काढून, तो उजव्या डोळ्याजवळ धरून त्याने ठेकेदाराचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. घंटी वाजत होती. तो माझ्याकडे बघत राहिला. मी फोन कानाला लावला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला.

"ॲसिड मी टाकलं होतं," मी म्हणालो. "चार वर्षांपूर्वी. बाटली माझी होती. त्याने मला विचारलं होतं, मी नाही म्हणालो."

"कोन बोलून राहिलं?"

मी माझं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट.