खंडेनवमीचे बारा बोर्ड

रबाळ्याच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. नवजात बाळांना ऊब देणाऱ्या यंत्रांचे सर्किट बोर्ड आम्ही बनवतो. मी तिथली तपासनीस, म्हणजे सगळ्यांची सासू. बोर्डाला हात लावण्याआधी मनगटाला पट्टा बांधा, त्याची वायर अर्थिंगला जोडा, हे मी दिवसातून दहादा बजावते. अंगावर साठलेली वीज आपल्याला जाणवतही नाही, पण तेवढ्याने चिप दगावते. कधी लगेच मरते, कधी नुसती अधू होते आणि पुढे केव्हातरी दगा देते.

गेल्या खंडेनवमीला हीच सासू रेशमी साडी नेसून कामावर आली. यंत्रांना, हत्यारांना हळदकुंकू लावून झालं. दसऱ्यानंतर पाठवायचे बारा बोर्ड अशा विजेपासून जपणाऱ्या चंदेरी पिशव्यांत बंद होते. देवाला पिशवीत घालून कोणी पूजतं का, असं म्हणत मी ते एकेक करून बाहेर काढले, पाटावर मांडले, झेंडूची फुलं वाहिली आणि पुन्हा पिशव्यांत भरले. एसीने हवा कोरडी झाली होती. पदर सावरताना हातावरचे केस उभे राहिले, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

सोल्डरिंग करणाऱ्या मावशी, घणसोली गावातल्या, प्रसाद घ्यायला आल्या आणि माझ्या मनगटाकडे बघत राहिल्या.

"बाय, पट्टा नाय दिसत गो तुझे हातान."

मी हात पदराखाली घेतला. "कोणी पाहिलं नाही, मावशी," मी हळूच म्हणाले. सांगायला लाज वाटते, पण म्हणाले.

"कोनी नाय बघला. पन तुला ठाव हाय ना."

मी तशीच मालकांकडे गेले आणि सांगून टाकलं. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. मालक एवढंच म्हणाले, "मग पाठवायचे नाहीत. पुन्हा तपासा."

दसऱ्याच्या सुट्टीवर पाणी पडलं. बाराही बोर्ड सुरुवातीला चोख चालले. वाटलं, उगीच तोंड उघडलं आपण. तरी नियमाप्रमाणे ते दोन दिवस गरम पेटीत सलग चालू ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका बोर्डावरचा तापमानाचा आकडा घसरायला लागला. पेटी होती तेवढीच गरम होती, पण बोर्ड सांगत होता, गार आहे, अजून तापवा. तो तसाच सांगत राहिला. मी मालकांना बोलावलं. त्यांनी येऊन पाहिलं आणि बाराही मोडीत काढायला सांगितले.

मावशींनी पाणी आणून दिलं. मला रडू येत होतं, आणि इतकं हायसं मला माझ्या बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं. तो बोर्ड बसवलेल्या यंत्राखाली अजून कुणाचंच बाळ निजलं नव्हतं.