शर्टाची बाही

आदिलाबादच्या त्या दवाखान्यात मी कामाला लागले ते आठवडी बाजारातलं माझं बांगड्यांचं दुकान मोडून. मागे फिरायला जागा नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, सोमवारी त्यांच्यासमोर बीपी बरोबर मोजता आलं तर तपासणीच्या खोलीत राहायचं, नाही तर घरी जायचं.

शिकवायचं काम मोठ्या सिस्टरकडे होतं. तिच्याशी मी सौदा केला. तिचे ट्रे मी धुवायचे, पलंगाच्या चादरी मी बदलायच्या आणि तिने मला एकदा हात धरून शिकवायचं. ट्रे तिने धुऊन घेतले. शिकवलं मात्र माझ्यासोबत लागलेल्या दुसऱ्या मुलीला, तेही मला अर्धवट कळणाऱ्या भरभर तेलुगूत. दारात उभं राहून कानावर पडेल तेवढं मी उचललं. बाजारात कुणी असा सौदा मोडला असता तर त्याची टोपली मी रस्त्यावर पालथी केली असती. इथे तिचे ट्रे धूत राहिले.

सोमवारी तलमडुगू गावाकडची एक म्हातारी आली. कापूस वेचताना चक्कर आली म्हणून शेतातूनच आणलेली. लुगड्यावर नवऱ्याचा जाड शर्ट, वेचणीला सगळ्या बाया घालतात तसा. आमच्याकडे परक्या पुरुषासमोर बाईला अंगातलं काढ म्हणत नाहीत. मी बाहीवरूनच पट्टा बांधला, स्टेथोही कापडावरच ठेवला, फुगा दाबला, हवा सोडली. कानात नुसती कापडाची खसखस. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. म्हातारीची बोटं जांभळी पडायला लागली. सिस्टर भिंतीला टेकून बघत होती.

डॉक्टर उठले. हिंदीत म्हणाले, कपड्यावरून बीपी घेतात का, उद्यापासून येऊ नका.

माझं डोकं सटकलं. हिने मला हे सांगितलंच नाही, असं ओरडायचं अगदी ओठावर आलं. पण भांडून गिऱ्हाईक परत येत नाही. मी म्हटलं, "सार, एक हात अजून द्या."

ते काही बोलायच्या आत म्हातारीच बोलली. "काऊन हाकलता तिले? हा दुसरा हात हाये ना. फक्त सायबाले तिकडं तोंड कराले सांग, बाई."

मी पडदा ओढला आणि तिची बाही उतरवली. बांगड्या भरताना बायांचे हात हलके धरायचे, तसा तिचा हात धरला. कोपराच्या आत नस बोटाला लागली. तिथे स्टेथो ठेवून हवा अगदी हळू सोडली. बराच वेळ काहीच नाही. मग ठक. ठक. ठक.

मी आकडा सांगितला. डॉक्टरांनी स्वतः मोजून पाहिलं, चिठ्ठीवर तोच लिहिला आणि पुढच्या पेशंटला आत घ्यायला सांगितलं. सिस्टरला नाही, मला सांगितलं.

संध्याकाळी सिस्टर सगळ्यांना सांगत होती, हिला मीच तयार केलं. तिचे ट्रे बेसिनमध्ये पडले होते. मी हात पुसले आणि घरी गेले.