शेठजींची शिष्यवृत्ती

कॉलेजातली पहिली दोन वर्षं मला जी मदत मिळाली तिची मला आजही किळस येते. ती मी घेतली, दोन्ही हात पुढे करून घेतली, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे वाचताना कुणी मला बिचारा समजणार नाही.

आमचं गाव खालापूर आणि शिळफाट्याच्या मधलं. भातशेती थोडी, पण स्वतःची. घरात तांदळाची भाकरी होती, पावसाळ्यात सुकट होतं, गोठ्यात बैलजोडी होती. नव्हता तो रोकडा. माझा मामा कल्याणला रेल्वेत सांधेवाला होता. त्याच्या एका खोलीत सहा माणसांत राहून मी मॅट्रिक झालो. पंचक्रोशीत आमच्या जातीतला मी पहिलाच. बापाने गावात गूळ वाटला, आणि सगळे गेल्यावर ओटीवर बसून मला विचारलं, "आता पुढं काय रं?"

"पुण्याला कॉलेज."

"आन् पैसं?"

पैशाच्या वाटा तेव्हा ठरलेल्या होत्या. सरकारी शिष्यवृत्ती हुशारांना मिळायची. ती माझी थोडक्या मार्कांनी हुकली. ब्राह्मणाच्या गरीब मुलाला वार लावून सात घरी जेवता यायचं. मला कोण पानावर बसवणार होतं? कुणाला शिकवणारा सासरा मिळे. तसा एक गृहस्थ पेणहून आमच्याकडे येऊनही गेला. मुलाचा खर्च करतो म्हणाला, पण त्याची मुलगी अजून अंगणात सागरगोटे खेळत होती. आईने त्याला चहा पाजून वाटेला लावलं. राहिली नादारी, म्हणजे कॉलेजची फी माफ. त्यासाठी बाप नादार आहे असा सरकारी दाखला लागायचा.

तो दाखला खालापूरच्या महालकऱ्यांच्या कचेरीतून मिळणार होता, पण आधी तलाठ्याने लिहून द्यायचं. चावडीवर तलाठ्याने बापाला विचारलं, "भात किती होतं?"

आमच्याकडे बऱ्या वर्षी पाच खंडी भात व्हायचं. बाप म्हणाला, "धा खंडी."

मी त्याचा सदरा ओढला. "बा, पाच सांग ना."

"का? मी काय भिकारी हाय व्हय?" तो सगळ्यांच्या देखत ओरडला. "चार मानसांत कमी सांगू? धा लिवा, तलाठीभाऊ!"

तलाठ्याने लेखणी खाली ठेवली. दहा खंडीवाला नादार कसा होईल? दाखला गेला. तेव्हा मला बापाचा राग आला. चार माणसांत ताठ राहणं एवढंच त्याच्याकडे होतं, हे मला कळायला फार वर्षं लागली.

मग कुणीतरी कर्जतच्या शेठजींचं नाव सांगितलं. शेठजींचा लाकडाचा आणि कोळशाचा मोठा धंदा होता. डोंगरातल्या कातकऱ्यांकडून ते कोळशाच्या भट्ट्या लावून घेत आणि वॅगनी भरभरून माल मुंबईला पाठवत. त्यांनी आपल्या दिवंगत वडिलांच्या नावाने गरीब विद्यार्थ्यांसाठी फंड काढला होता. मी अर्ज केला. मंजूर झाल्याचं पत्र आलं, आणि खाली एक ओळ होती: शेठजींच्या वडिलांच्या पुण्यतिथीला समारंभ आहे, विद्यार्थ्याने वडिलांना घेऊन हजर राहावं.

बापाला वाटलं, मान आहे. बहिणीच्या लग्नात शिवलेला काळा कोट त्याने पेटीतून काढला, लाल पागोटं नीट बांधलं, आणि खोपोलीहून पळसदरीमार्गे कर्जतपर्यंत गाडीत कोट चुरगळू नये म्हणून तो उभाच राहिला.

शेठजींच्या वखारीपुढे मांडव घातला होता. मुंबईहून पाहुणे आले होते. काळं कापड पांघरून फोटोवाला तयार होता. मुनीमजींनी आम्हाला बाजूला घेतलं आणि बापाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे काय? लग्नाला आलात का?"

बाप हसला. त्याला ती थट्टा वाटली.

"कोट काढा. पागोटंही काढा. पाहुणे काय म्हणतील? शेठजी श्रीमंतांना पैसे वाटतात?"

बापाने माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणतो याची तो वाट बघत होता. मांडवात माझ्यासारखीच पाच मुलं होती, आणि त्यांचे बाप उघड्या अंगाने, फाटक्या धोतरांत, आधीच रांगेत उभे होते. मी म्हणालो, "काढ ना बा. जरा वेळ तर हाय."

त्याने कोट काढला. आत बंडी होती, तीही मुनीमजींनी काढायला लावली. त्याच्या छातीवरचे पांढरे केस मी पहिल्यांदा लोकांच्या देखत पाहिले. मला किळस आली, पण ती कोट काढायला लावणाऱ्याची होती की काढ म्हणणाऱ्याची, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

मुनीमजींनी एकेकाची माहिती वाचली. माझी पाळी आल्यावर त्यांनी वाचलं, "हा मुलगा पेजेच्या पाण्यावर राहून मॅट्रिक झाला. याच्या घरी कित्येक दिवस चूल पेटत नाही." मी हे कुठेही लिहिलं नव्हतं. मुंबईच्या एका पाहुण्याने, जाड भिंगांच्या चष्म्यातून बघत, बापालाच विचारलं, "काय हो, खरंच चूल पेटत नाही?"

बापाने मान वर केली. मला वाटलं, आता हा दहा खंडी म्हणणार आणि सगळं घालवणार.

"नाय पेटत," बाप म्हणाला.

पाहुण्याने च् च् केलं. बायकांच्या बाजूला कुणीतरी डोळ्यांना पदर लावला. शेठजींनी माझ्या हातात पाकीट दिलं, मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, फोटोवाल्याने "हलू नका" म्हटलं आणि मी तसाच, डोकं पायावर ठेवून, थांबलो. चामड्याच्या नव्या वहाणांचा वास नाकात शिरला. तसा वास आला की अजूनही मी रस्ता बदलतो.

जेवण आम्हाला वखारीच्या मागे, कोळशाच्या पोत्यांच्या आडोशाला वाढलं. तिथेच भिंतीला टेकून भट्टीवरची दहा-बारा कातकरी माणसं बसली होती. आठवड्याची मजुरी घ्यायला ती पहाटेच डोंगरातून उतरली होती, आणि मुनीमजींनी त्यांना सांगितलं होतं की आज पुण्यतिथी आहे, आज पैसे नाहीत, उद्या या. त्यांतली एक म्हातारी माझ्या हातातल्या पाकिटाकडे बघत होती. तोंडापासून पायांपर्यंत ती कोळशाने काळी होती.

"आमचं त्यानं तुला दिलं व्हय?" तिने विचारलं. रागाने नाही, नुसतं खरं काय ते कळावं म्हणून.

मी जिलबी खाली ठेवली. थोड्या वेळाने ती जिलबी उचलून खाल्ली, हेही सांगायला हवं.

परतताना बापाने कोट घातला नाही, हातावर टाकला. घरी आईने विचारलं, "कसं काय झालं?" तो म्हणाला, "मोठी मानसं हायती," आणि बैलांना पाणी पाजायला गेला.

मी पुण्याला गेलो. शिष्यवृत्तीच्या अटी एकेक करून कळत गेल्या. दर सहामाहीला उपकाराचं पत्र लिहायचं, तेही इंग्रजीत, कारण ते पाहुण्यांना दाखवायचं असे. मोठ्या सुटीत वखारीत बसून हिशेबाच्या वह्या उतरवायच्या, फुकट. एकदा मुनीमजींचं पत्र आलं की शेठजींवर चार कडव्यांचं गौरवगीत करून पाठव. मी सहा कडवी पाठवली. त्यात शेठजींना कल्पवृक्ष म्हटलं होतं, आणि ज्या डोंगरांतली झाडं जाळून त्यांनी कोळसा केला त्या डोंगरांना त्यांची कीर्ती गायला लावली होती. यमकं चांगली जुळली म्हणून मी खूश झालो होतो. त्या कागदाची मला सगळ्यात जास्त शिसारी आहे, कारण तो कुणी माझ्याकडून बळजबरीने लिहून घेतला नव्हता. चार मागितली होती, सहा मी दिली.

दुसऱ्या वर्षी पुण्यतिथी जवळ आली तेव्हा मी घरी आलो. बाप शेतात होता.

"बा, कर्जतला जायचंय."

"मी येत नाय."

"तुला आणायला सांगितलंय."

"बा मेला म्हनून सांग," तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

मी एकटा गेलो. मांडव तोच, फोटोवाला तोच. मुनीमजी यादी घेऊन आले. "बाप कुठाय?"

"आला नाही."

"आला नाही, की नाहीच?"

मी बोललो नाही. खरं सांगतो, खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. आजारी आहे म्हणावं, शेतावर आहे म्हणावं, असं काहीबाही डोक्यात चाललं होतं. तेवढ्यात मुनीमजींनी मान हलवली आणि यादीत लिहिता लिहिता हळू आवाजात म्हणाले, "अरेरे. बरं, पितृहीनाला शेठजी दीडपट देतात."

तेव्हा तोंड उघडायला वेळ होता. मुनीमजी दौतीत टाक बुडवत होते, तेवढा. मी उघडलं नाही.

शेठजींनी व्यासपीठावर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांकडे बघत म्हणाले, "आजपासून मीच तुझा बाप." टाळ्या झाल्या. मी वाकलो.

फंडाचा अहवाल छापून निघत असे आणि ज्या गावचा विद्यार्थी त्या गावच्या शाळेत एक प्रत जात असे. त्या वर्षीची प्रत आमच्या मास्तरांना मिळाली. बिचारे खुशीने ती देवळापुढे मोठ्याने वाचू लागले, आणि माझ्या नावापाशी आल्यावर अडखळले. पण शब्द तोंडातून निघून गेला होता. पितृहीन. शब्द कळला नाही त्यांना कुणीतरी अर्थ सांगितला.

मी दिवाळीच्या सुटीत घरी पोचलो तेव्हा आई ओटीवर उभी होती. तिने मला आत येऊ दिलं नाही.

"माजं कुकू किती रुपयाला इकलंस रं?" तिने विचारलं.

ती पुढे झाली आणि तिने माझ्या थोबाडीत मारली. मी तेव्हा इंटरच्या वर्गात शेक्सपिअर वाचत होतो, ओठावर मिसरूड होती. बाप गोठ्यातून धावत आला आणि मध्ये उभा राहिला. "त्याला मारू नको गं. मीच सांगितलं व्हतं तसं." आई त्याच्याकडे बघत राहिली, मग आत गेली. दोन दिवस ती ताट वाढायची आणि तोंड फिरवायची.

तिसऱ्या दिवशी मी कर्जतला गेलो. शेठजी गादीवर बसून पान लावत होते. मी म्हणालो, माझे वडील जिवंत आहेत, अहवालात चूक झाली आहे, ती दुरुस्त करा. ते मुनीमजींकडे बघून हसले.

"छापलेलं कसं दुरुस्त करणार? आणि बाप जिवंत आहे तर चांगलंच आहे की. पैसे तर मिळाले ना?"

"मला नकोत. घेतलेले मी परत करीन."

शेठजींचा चेहरा तेव्हा बदलला. "दान परत घेत नसतात," ते चिडून म्हणाले. "माझं पुण्य कमी करायला आलास काय?"

त्या माणसाला माझी चूकही नको होती आणि माझी लाजही नको होती. त्याला फक्त त्याचं पुण्य हवं होतं, आणि ते माझ्या बापाच्या मरणासकट त्याच्या खात्यावर पक्कं झालं होतं. मी बाहेर आलो आणि वखारीच्या भिंतीपाशी ओकलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तरी ओकलो.

पुण्याला जाऊन मी गणिताच्या प्राध्यापकांना भेटलो आणि पहिल्यांदा कुणाला तरी सगळं खरं सांगितलं. कडक माणूस, वर्गात कधी हसला नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फी माझ्याच्याने माफ होणार नाही. पण ग्रंथालयात पुस्तकं झाडायला माणूस हवा आहे. काम करशील?" मी काम धरलं. सकाळी दोन मुलांच्या शिकवण्या धरल्या. एक वर्ष फी भरता आली नाही म्हणून परीक्षेला बसलो नाही. बी. ए. झालो ते माझ्या बरोबरीच्यांपेक्षा एक वर्ष उशिरा.

ग्रंथालयातलं काम मिळालं त्याच महिन्यात ते सांगायला मी घरी गेलो होतो. बाप बांधावर गवत कापत होता. पुस्तकांवरची धूळ झाडायची आणि त्याचे दर महिन्याला पैसे मिळतात, हे त्याला पटेना. त्याने विळा बाजूला ठेवला.

"तिथं मला याया लागंल काय?"

"नाय."

"कुनी काय इचारायला घरी येनार?"

"नाय बा."

"मंग बरं हाय," तो म्हणाला, आणि गवताचा भारा उचलायला त्याने मला हाक मारली.