निर्माल्य सोडायला गेलो तेव्हा

"आमची सुमन म्हणजे देवमाणूस हो! दीड वर्ष झालं, दाराबाहेर एकटीनं पाऊल टाकलेलं नाही तिनं," काकू कुणाला तरी कौतुकानं सांगत होत्या.

"मग आम्हाला द्या की! बदल्यात आमचा डिशवॉशर घेऊन जा," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

लंडनच्या पिनर उपनगरात काकूंकडे सत्यनारायण होता. मी दारापाशी बूट काढत होते. तिथे बुटांचा ढीग होता, खुंट्यांवर कोटांवर कोट होते. सुमनताई काकूंकडे घरकामाला होत्या, त्यांना वहिनी म्हणायच्या. वर्ध्याकडच्या, काका-काकूंनी येताना त्यांना सोबत आणलं होतं. स्वयंपाकघरात गेले तर त्यांच्या पायात रबरी स्लिपर होत्या. दाराशी टांगलेल्या कोटांत त्यांचा एकही नसणार, हे मला तेव्हा उमगलं. नोव्हेंबर होता.

मी मुळात कमी बोलणारी. काका माझ्याच कंपनीत वरच्या हुद्द्यावर, माझं वर्क परमिट त्यांच्या शब्दावर वाढणार होतं. त्यामुळे कोटाचा विषय न काढता मी शिऱ्याचे द्रोण भरायला लागले. सुमनताईंनीच हळू आवाजात विचारलं, "ताई, एकटं बाहेर दिसलं तं पोलीस धरून नेतेत म्हणते वहिनी. खरं हाये का? माहा पासपोर्टही त्यायच्याच कपाटात हाये."

"नाही, तसं काही नसतं," मी म्हणाले. तेवढ्यात काकू आत आल्या आणि मी द्रोण उचलून बाहेर गेले.

त्या वर्षी इंग्लंडात गुलामांचा व्यापार बंद झाल्याला दोनशे वर्षं झाली होती, म्हणून ठिकठिकाणी प्रदर्शनं लागली होती. क्लायंटकडे बर्मिंगहॅमला गेले असताना मीही एक पाहिलं होतं. गुलामीतून पळालेली माणसं म्हटलं की मला नदी पोहून जाणारी, मागे कुत्री लागलेली माणसं डोळ्यांपुढे यायची. तशीही होती तिथे, अमेरिकेतल्या मळ्यांवरून कॅनडात, काही तर थेट इंग्लंडात पोचलेली. पण मी थबकले ती एका बाईच्या हकिकतीपाशी. तिला मालकांनीच घरकामासाठी आपल्या बेटावरून लंडनला आणलं होतं. इथे कायद्यानं तिला जबरदस्तीनं परत नेता येत नव्हतं. दार उघडंच होतं म्हणायचं. पण बाहेर ओळखीचं एक माणूस नाही, आणि परत बेटावर नवऱ्याकडे गेली तर पुन्हा गुलाम. अख्खा समुद्र ओलांडून आलेल्या त्या बाईला एका घराचा उंबरा ओलांडायला सगळं बळ एकवटावं लागलं. शेवटी ती निघाली, आणि एका लहानशा प्रार्थनाघरातल्या लोकांनी तिला आसरा दिला. तेव्हा मला ती फार जुन्या काळातली गोष्ट वाटली होती.

आरतीला उभी राहिले, तर टाळ्यांचा ठेकाही चुकत होता. लहानपणी आईनं हात जोडायला शिकवलं म्हणून जोडायचे, इतकीच माझी भक्ती. या परक्या देशातल्या सेंट्रल हीटिंगच्या घरात, चौरंगावरच्या तसबिरीतून कुणी ऐकत असेल, असं मनापासून कधी वाटलं नव्हतं. काय मागावं तेही सुचेना. मला धाडस दे म्हणायचीही भीती वाटली, कारण मिळालं तर वापरावं लागेल. शेवटी मनात म्हटलं, मला काही जमत नाही, आता तूच बघ.

सोमवारी सगळ्यांना ऑफिस, म्हणून उत्तरपूजा त्याच दुपारी उरकली. दरवेळी निर्माल्य काका गाडीनं नेऊन सोडत. त्या दिवशी ते पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला गेले होते, आणि काकूंना निर्माल्य घरात ठेवायचं नव्हतं. त्या माझ्याकडे वळल्या. "तू जातेस का गं ओढ्यापर्यंत? आणि सुमनला घेऊन जा. तुम्हा पोरींना नीट सोडता येत नाही, भसकन ओतता."

मी एक शब्दही उच्चारला नव्हता. सुमनताईंनी परडी उचलली, आणि त्यांच्याच मालकिणीनं त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

पिन नावाची तिथली नदी म्हणजे ओढाच, पाऊल बुडेल इतकं पाणी. सुमनताई वाकल्या, तुळशी आणि फुलं हलक्या हातानं पाण्यात सोडली, नमस्कार केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी आता वापस नाही येत, ताई. तुम्ही जा. तुमच्यावर बोल येईन."

मी हलले नाही. तेवढ्यात कुत्र्याला फिरवत एक वयस्क इंग्लिश बाई आल्या. पाण्यात फुलं टाकली म्हणून आता ओरडा बसणार, असंच मला वाटलं. त्यांनी फुलांकडे पाहिलं, मग थंडीनं निळसर पडलेल्या सुमनताईंच्या पायांकडे, आणि थांबून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

पुढचं थोडक्यात सांगते. त्या बाईंनी आम्हाला आपल्या घरी नेलं, सुमनताईंना लोकरी मोजे दिले, फोन केले. पोलीस आले ते पासपोर्ट परत मिळवून द्यायला. घरकामासाठी परदेशातून आणलेल्या बायकांना मदत करणाऱ्या एका संस्थेनं त्यांची राहायची सोय केली. काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मला दुसरी नोकरी शोधावी लागली, मिळालीही. काकूंच्या तोंडून ते वाक्य कुणी वदवलं, त्या बाई नेमक्या तेव्हाच कशा आल्या, याचा मी शोध घेत नाही. हात जोडले की आता कुणासमोर जोडते आहे ते ठाऊक असतं, एवढंच. शरण जायचं म्हणजे सगळं त्याच्यावर सोपवून मोकळं व्हायचं, अशी माझी समजूत होती. पण त्यानं दार उघडून दिलं आणि माझ्या वाट्याचं एवढंसं माझ्याकडेच ठेवलं. ते करताना मात्र मी नेहमीसारखी स्वतःला जपत नव्हते.

या देशात 'सगळं ठीक आहे ना?' हा त्या बाईंचा प्रश्न रोज कुणीतरी विचारतं आणि 'हो, ठीक' हे उत्तर ठरलेलं असतं. मीही हजारदा दिलेलं. त्या ओढ्याकाठी ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच विरलं.

"नाही," मी म्हणाले. "ठीक नाही. यांना आता त्या घरात परत जायचं नाही, आणि मीही यांना एकटं सोडून जाणार नाही. आम्हाला मदत करा."