गाडी वेळेवर आली

बोडीटोल्यात कोणाला खरं ऐकायची हौस आली, की त्यानं यशोदाबाईच्या ओसरीवर जाऊन बसावं. हौस नसली तरी ऐकायला मिळायचंच. मनात एक आणि ओठांवर दुसरं, हा प्रकार बाईला जन्मात जमला नाही. मुलाच्या, म्हणजे मोहितच्या, लग्नात व्याह्यांनी पंगतीला पातळ वरण वाढलं. बाकीचे पाहुणे मुकाट्यानं भुरकत होते. ही बाई मात्र व्याह्यांना बोलावून म्हणाली, की तलाव आमच्या गावात आहे, तो तुम्ही आमच्या पानावर कायले आणून वाढला. व्याही हसले, पण आजही तिच्या घरी आले की जेवताना वरणाकडे बघत नाहीत.

कृषी खात्याचा माणूस बांधावर उभ्या उभ्या पीक पाहून निघाला, तेव्हा तिनं त्याला बूट काढायला लावून चिखलात उतरवलं होतं. सरपंच मुन्नालाल तर तिच्या दारावरून जायचंच टाळायचा. ग्रामपंचायतीत जायला त्याला वळसा पडायचा, पण तो वळसा त्याला परवडायचा. असं असूनही गावातली भांडणं तिच्याकडेच यायची. दोन्ही बाजूंना शिव्या बसल्या तरी त्या ज्याच्या त्याच्या मापाच्या असतात, एवढा लोकांचा भरवसा होता. मला विचाराल तर गावाला एक तरी असं माणूस लागतंच, आणि ते आपल्या शेजारी राहू नये असंही वाटतं.

नवरा गोपीचंद नेमका उलटा. दोघांचं मिळून बोलणं ती एकटीच बोलते, मग मी कशाला दमू, असं तो म्हणायचा. गावचा तलाव त्याच्या आजे-पणज्यांनी माती वाहून बांधलेला. पावसाळा लागला की हा माणूस रोज पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, फिरून कुठं उंदरानं बीळ तर केलं नाही ना, ते पाहून यायचा. आपल्या हयातीत हा तलाव आटू द्यायचा नाही, एवढीच त्याची इच्छा. ती पुरी झाली म्हणायची. तो गेला तेव्हा तलाव काठोकाठ होता.

धान कापून झालं होतं. खळ्यावर भाऱ्यांचे ढीग, म्हणजे आमच्याकडचे पुंजणे, ओळीनं रचून ठेवलेले. मळणीचं यंत्र यायचं होतं. भर दुपारी एका पुंजण्यातून धूर निघाला. कोणाची बिडी म्हणतात, कोणी तारेची ठिणगी म्हणतात. वारा सुटलेला होता, बघता बघता सगळं खळं पेटलं. आग तारांपर्यंत गेली म्हणून वीज बंद करावी लागली आणि तलावावरच्या मोटारी जागच्या जागी बसल्या. हाकेच्या अंतरावर एवढं पाणी, आणि ते वर आणायला घागरी आणि बादल्या. ज्यांच्या वाडवडिलांनी तलाव बांधला, त्यांचं धान तलावाच्या काठावर जळत होतं.

खळ्याला लागून गोपीचंदचा गोठा. आत बैलजोडी बांधलेली. एक बैल त्यानं सोडून बाहेर हाकलला आणि दुसऱ्याचं दावं सोडायला आत गेला, तेवढ्यात छप्पर खाली आलं. लोकांनी जवळ जायची शिकस्त केली, पण झळच अशी होती की माणूस उभा राहीना. यशोदाबाईला चौघीजणींनी धरून ठेवलं होतं. ती नुसती रस्त्याकडे बघत होती. आगीच्या बंबासाठी फोन पहिल्या धुरालाच केला होता, आणि गाडी निघाली आहे एवढंच उत्तर येत होतं.

आमच्या भागात अशी गाडी नाही. ती कोणत्या गावाहून आली ते सांगून मला कोणाच्या तोंडाला काळं फासायचं नाही, पण मधे सगळं जंगल आणि रस्ता फुटका. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी म्हण आपण गंमत म्हणून वापरतो. त्या दिवसापासून बोडीटोल्यात ती कोणी तोंडातून काढत नाही. गाडी आली तेव्हा पुंजण्यांची राख झालेली होती आणि गोठा नुसता धुमसत होता.

गाडीचा चालक श्यामलाल नावाचा. फुलचूरला भाड्याच्या खोलीत राहणारा, कंत्राटावर लागलेला तरणा माणूस. आत माणूस आहे म्हटल्यावर पाण्याचा फवारा सुरू असतानाच तो गोठ्यात घुसला आणि तापलेली लाकडं उघड्या हातांनी उचलायला लागला. गोपीचंदला त्यानंच बाहेर आणलं. मग तो तिथंच मातीत बसला आणि यशोदाबाईकडे न बघता म्हणाला, "काकी, मी गाडी दाबून आणली. गाडीच पळत नाही."

आता बाई काय बोलते म्हणून सगळा गाव तिच्याकडे बघत उभा होता. तिनं त्याच्या तळहातांकडे पाहिलं. कातडी सोलून निघाली होती.

"हात पान्यात घाल," ती म्हणाली. तिनं स्वतः बादली त्याच्यापुढे सरकवली आणि मग नवऱ्यापाशी जाऊन बसली.

तेरवीला श्यामलाल आला. हातांना पट्ट्या होत्या, जेवता येईना. तिनं त्याला चमचा दिला आणि पान संपेपर्यंत समोर बसून राहिली. बायको कुठली, घरी कोण कोण, असं विचारत होती. या माणसाचा आपल्याला राग यायला पाहिजे आणि येत नाही, हे तिला स्वतःलाच समजत नव्हतं, असं ती पुढं मोहितला म्हणाली. मोहित एकुलता एक, कोहमाऱ्याला ट्रकच्या गॅरेजात कामाला. तो म्हणाला, राग गाडीचा धर, माणसाचा कायले धरतेस.

तिनं गाडीचाच राग धरला. पुढं कित्येक महिने येईल त्याला ती एकच गोष्ट सांगायची, की आपल्या तालुक्यात एक गाडी पाहिजे. गोपीचंद गेला तो गेला, पण दुसऱ्या बाईनं असं रस्त्याकडे बघत उभं राहू नये. मुन्नालालला तिनं त्याच्या घरी जाऊन ऐकवलं. तो वळसा काही कामाला आला नाही.

आणि नवल म्हणजे सरकारनंच विचारायचं ठरवलं. अग्निशमन सेवा सुधारायची आहे, लोकांनी अनुभव सांगावा, लोक काय म्हणतात त्यावरून नव्या गाड्या कुठं द्यायच्या ते ठरेल, अशी दवंडी झाली. मुन्नालालनं सभा घेऊन सांगितलं, की सगळं चांगलं आहे असंच म्हणा. आजवर स्वच्छतेचं काय, पाण्याचं काय, चांगलं म्हणणाऱ्या गावालाच बक्षीस मिळालं आहे, तक्रार करणाऱ्याला कोणी काही देत नाही. यशोदाबाई तिथंच उठून म्हणाली, की तुझ्या बक्षिसाची पाटी तू गळ्यात घाल, मी जे झालं ते सांगणार. लोकांनी माना डोलावल्या. गाव तिच्या मागं होता.

मत घ्यायला आली डिंपल, तालुक्याहून पाठवलेली एक मुलगी. ग्रामपंचायतीच्या खोलीत ती मोबाईल घेऊन बसली. आवाज गोड, वागणं आदबीचं. पहिला मान यशोदाबाईचा. नाव, गाव, आग कधी लागली, सगळं विचारून झालं. मग डिंपलनं मोबाईलवर बोट सरकवत विचारलं, की त्या दिवशी गाडीवर श्यामलाल नावाचा चालक होता, बरोबर ना.

बाई थबकली. "त्याचं नाव काऊन आहे त्याच्यात?"

डिंपल म्हणाली की ते वरूनच भरून आलं आहे, प्रत्येक घटनेला चालकाचं नाव जोडलेलं आहे.

"गाडी उशिरा आली म्हनून लिवलं, त त्याचं काय होते?"

"मला नाही माहीत, काकी. कदाचित चौकशी लागेल."

खोलीत अर्धा गाव उभा होता. या वेळेची ती किती दिवस वाट पाहत होती, ते सगळ्यांना माहीत होतं. कंत्राटाचा माणूस म्हणजे काय, तेही माहीत होतं. चौकशी लागायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी घरी. यशोदाबाई खाली मान घालून बसली.

"लिव," ती म्हणाली. "गाडी वेळेवर आली."

डिंपलनं वर पाहिलं. तिनं पुन्हा विचारलं आणि बाईनं पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा चिडून. सेवा कशी वाटली, तर उत्तम. मग बाकीच्यांनी काय करावं? जिचा नवरा गेला ती वेळेवर म्हणते, तर नुसतं धान गेलेल्यांनी उशीर म्हणायचं कोणत्या तोंडानं? एकामागून एक सगळ्यांनी उत्तम लिहून दिलं. शेजारच्या गावांतही गोष्ट पोचली, की त्या पोराची नोकरी जाईल. तिकडेही उत्तमच. आमची माणसं अशी आहेत. आमदाराला शिव्या देतील, पण ज्याच्या हाताला फोड आले त्याच्या पोटावर पाय देणार नाहीत. या चांगुलपणाचा मला आज संताप येतो, आणि त्या खोलीत मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

काही महिन्यांनी निकाल आला. जिथं लोक जास्त नाराज, तिथं नवी गाडी आणि ठाणं. आमचा भाग समाधानी निघाला. जिल्ह्यात सगळ्यात समाधानी, असं मुन्नालाल वाचून दाखवत होता आणि वाचता वाचता त्यानंच कागद खाली ठेवला. तोही खजील झाला होता. यशोदाबाईला टोमणा मारायची आयुष्यातली पहिली संधी त्याच्यापुढं होती, पण ती त्यानं सोडून दिली.

दुसऱ्याच दिवशी ती एसटीनं तालुक्याला गेली. कचेरीतला बाबू वाईट नव्हता. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की मत देणं आता बंद झालं आहे, दिलेलं मत बदलता येत नाही, पुढच्या वेळी विचारतील तेव्हा सांगा.

"माहा नवरा त्या आगीत मेला," ती म्हणाली. "अना मी उत्तम म्हनलं. हे तुमाले पटलं कसं?"

बाबूनं चष्मा काढून पुसला. कचेरीपर्यंत नवरे पोचत नाहीत, नुसते टक्के पोचतात, अशा अर्थाचं तो काहीतरी बोलला. ती उठून परतीच्या गाडीला आली. चहा तसाच राहिला.

आणि श्यामलाल? तो मोहितला कोहमाऱ्याच्या गॅरेजात भेटला. तांदळाचा ट्रक घेऊन आला होता. कंत्राटदार बदलला, नव्यानं आपली माणसं आणली, जुन्या सगळ्यांना घरी बसवलं. बोडीटोल्याच्या मतांच्याही आधी ते होऊन गेलं होतं. गावानं आपल्यासाठी काय केलं, याचा त्याला पत्ता नव्हता. मोहितनंही सांगितलं नाही. घरी येऊन आईला मात्र त्याला सांगावं लागलं. तिनं ऐकलं आणि भात उपसायला आत गेली. त्या दिवसापासून तिचं बोलणं कमी होत गेलं. कोणी ओसरीवर भांडण घेऊन आलं तर म्हणायची, दुसऱ्या कोणाले विचारा.

उन्हाळ्यात नंदलालचं घर पेटलं. नंदलाल तिच्या घरापासून तिसऱ्या घरातला, बायकोबरोबर तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेला होता. घरात त्याची आई, लकवा मारल्यामुळं खाटेवर. चुलीतली ठिणगी की काय, देव जाणे. गाडी बोलावली. ती त्याच गावाहून, त्याच रस्त्यानं, तेवढ्याच वेळात आली. चालक नवा होता. ज्या गावाला नवी गाडी मिळाली, त्या गावाबद्दल माझी तक्रार नाही. तिथंही माणसंच जळत असतील.

म्हातारीचं सगळं आटोपल्यावर नंदलाल यशोदाबाईकडे आला. ओसरीवर बसला. भांडायला आला नव्हता. त्यानंही त्या खोलीत उत्तमच म्हटलं होतं. खूप वेळ जमीन उकरत राहिला आणि मग म्हणाला, "काकी, आपन तवा खरं सांगतलं असतं, त माही माय वाचली असती का?"

तोपर्यंत सगळ्या गावाचं त्याला समजावून झालं होतं. वय झालं होतं, भोग संपले, नशिबात होतं. त्याला यशोदाबाईच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं, की नाही. तिच्या तोंडचं 'नाही' त्याला पुरलं असतं, कारण ती खोटं बोलत नाही असं तो अजूनही धरून चालला होता. तिला ते दिसत होतं. त्याचे डोळे तिच्या ओठांवर होते.

पण माणूस सांभाळायला ती एकदाच खोटं बोलली होती, आणि त्याचं काय झालं ते तिसऱ्या घरापाशी काळं पडून उभं होतं.

"वाचली असती गा," यशोदाबाई म्हणाली.

नंदलालनं मान हलवली. मग उठून आपल्या जळक्या घराकडे गेला. ती ओसरीवर तशीच बसून राहिली. सून दिवा लावायला बाहेर आली आणि आई, आत चला म्हणाली, तेव्हाही ती उठली नाही.