दाजींच्या पिकअपचे मोठे टायर

टायरच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. गिऱ्हाईक हवा मारायला थांबतं आणि तेवढ्यात एखादा सांगून जातं. लातूरला माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. पंधरा वर्षांत इतके किस्से साठलेत की मित्र चहाला जमले की कोणता सांगू आणि कोणता नको, असं होतं. अडचण एवढीच, की ऐकणारे हसतात आणि मी मात्र सांगताना अजून घाबरतो.

मी मुळात भित्रा माणूस. गाडी दुकानातून बाहेर पडली की ती घरी पोहोचेपर्यंत माझा जीव टांगणीला! आमचा म्हातारा फिटर युसूफचाचा म्हणतो, "सेठ, हवा टायर में भरो. दिल में नक्को भरो!"

त्यात दोन वर्षांपूर्वी मन्मथ दाजींनी पिकअप घेतली. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, किल्लारीचे. माणूस दणकट, आणि भीती म्हणजे काय ते ठाऊकच नाही. गाडी घेतल्या घेतल्या त्यांचा फोन आला.

"सिद्धू, मोठे टायर बसवायचेत. उसाच्या फडात गाडी लई रुतायली."

"दाजी, मग स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी वर उचलून घ्या. तसे मोठे टायर नकोत."

"पाटे कंपनीचेच राहू दे. नुसते टायर मोठे कर!"

या गाडीत अक्का बसणार, तिची दोन पोरं बसणार. दाजींना नाही कसं म्हणायचं? पण घाबरवता तर येईल! म्हणून मी त्यांना फोनवर एकेक किस्सा सांगायला घेतला.

*

पहिला उदगीरच्या एका आडत्याच्या पोराचा. त्याचे मोठे टायर मीच बसवले होते, तेव्हा मी नवखा होतो. रिकाम्या गाडीचं स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहिलं. टायर कुठंही टेकत नव्हता. पोरगा खूश, मीही खूश.

चौथ्या दिवशी त्याचा लातूरच्याच मोंढ्यातून, धान्यबाजारातून, फोन आला. "अण्णा, गाडी डावीकडं वळंना!"

"माल आहे का गाडीत?"

"भरून हाय की!"

भार पडल्यावर गाडी खाली बसली होती आणि पुढचं चाक डावीकडं वळवलं की मडगार्डात अडकत होतं. "जागचा हलू नको, मी येतो," असं म्हणून मी मोटारसायकल शोधतोय, तोवर हा पठ्ठ्या गाडीसकट दारात हजर! घामानं निथळलेला.

"अरे, आलास कसा?"

"उजवीकडं वळून वळून! एक डावं वळण आलं की तीन उजवी घेतली. अण्णा, अर्धं लातूर बघून झालं!"

दाजी फोनवर खो खो हसले. "म्हंजे पोचला की न्हाई? मग बसव!"

*

त्यानंतर युसूफचाचानं नियमच केला. मोठे टायर घातलेली गाडी भार टाकून तपासल्याशिवाय सोडायची नाही. पण दुकानात भार आणायचा कुठून? समोर चहाची टपरी आहे. चाचा रस्त्यापलीकडून हाक मारतो, "आजाओ रे!" आणि दहा-बारा जण कप खाली ठेवून पिकअपमध्ये चढतात. चाचा म्हणतो, "एक, दो, तीन!" आणि सगळे एकदम उड्या मारतात. टायर आणि मडगार्ड यांच्यात किती फट उरते, ते खाली आडवं पडून बघायचं काम माझं.

एकदा असेच बारा जण वर आणि मी खाली. पाटे करकरायला लागले. प्रत्येक उडीला गाडी माझ्या नाकापर्यंत येऊन परत जायची. मी डोळे मिटून महादेवाचं नाव घेत होतो. डोळे मिटल्यावर फट काय दिसणार, डोंबल!

वर एक रिटायर गुरुजी होते. ते वाकून ओरडले, "सिद्धू, एवढं भ्या वाटत असंल तर वर ये की! खाली कशाला पडलास?"

दाजी म्हणाले, "गुरुजी शहाणे हायेत. तूच येडा."

*

हदगावचा एक ड्रायव्हर होता. कापूस घेऊन नांदेडला जायचा. मोठे टायर घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी तक्रार करायला आला.

"मालक, तुमच्या टायरनं गाडी हळू झाली. स्पीडचा काटा वर चढंना. पाय दाबून दाबून पोटरी दुखून राहिली!"

टायर मोठा असला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते. काट्याला बिचाऱ्याला ते कळत नाही, तो जुन्याच टायरचा हिशेब दाखवतो. म्हणजे हा माणूस पंधरा दिवस भरल्या गाडीनिशी सुसाट सुटला होता, आणि तेही हळू जातोय असं समजून!

मी कसंबसं विचारलं, "तुम्हाला वेगळं काही जाणवलं नाही?"

तो जरा विचारात पडला. "तसं एक हाय बगा. गाडी हळू झाली, पण नांदेड लवकर येऊन राहिलं!"

"झकास!" दाजी म्हणाले. "हेच टायर पायजेत मला."

*

निलंग्याच्या एका भाजीवाल्याचा किस्सा छोटाच आहे. मोठे टायर जड असतात, ब्रेक जुनेच, त्यामुळं गाडी थांबायला वेळ घेते. त्याची बायको रोज उंबऱ्यावर उभी राहून त्याची वाट बघायची. आता दोन घरं पुढं, शेजाऱ्याच्या दारात उभी राहते. म्हणते, "गाडी हितंच थांबती की!"

सगळे हसतात. मला हसू येत नाही. त्या दोन घरांच्या मधोमध एखाद्या दिवशी कुणाचं लेकरू खेळत असलं तर? हे मी दाजींना स्पष्ट सांगितलं. मला वाटलं, लागलं मनाला!

"आपलं घर गल्लीत शेवटचं हाय," दाजी म्हणाले. "त्याच्यापुढं कुनाचंच घर न्हाई. बसव!"

*

शेवटी अक्काचाच फोन आला. "सिद्धू, हे कुनाचं ऐकायले न्हाईत. दुसरीकडं जाऊन बसवणार म्हणतेत. त्यापरीस तूच बसव. तुझा हात लागला म्हंजे मला घोर न्हाई."

तिचा घोर गेला आणि माझी झोप गेली!

दाजी आले. टायर बसवले. टपरीवरची बारा माणसं चढवली, नेहमीच्या दुप्पट उड्या मारायला लावल्या. या वेळी मी डोळे उघडे ठेवले. जेमतेम बोटभर फट उरत होती. मी हात जोडले. "दाजी, माल कमी भरा. गतिरोधकावर सावकाश."

"हाव, हाव," म्हणत दाजी गेले. बारा माणसांपेक्षा सोयाबीनची पोती किती जड होतात, हा हिशेब मी पुढचे आठ दिवस मनात करत होतो.

नवव्या दिवशी सकाळी शटर वर केलं, तर पिकअप दारात उभी! आधी काच बघितली, मग बंपर बघितला. सगळं शाबूत होतं. मग दाजींचा उतरलेला चेहरा बघितला.

"अक्का? पोरं?"

"बरी हायेत. माझे जुने टायर हायेत का?"

"आहेत."

"बसव."

युसूफचाचा कामाला लागला. दाजींनी चहा घेतला, पण नुसताच हातात धरून ठेवला. मग आपणहून बोलायला लागले.

"काल दुपारी सोयाबीन भरून घरी आलो. पळवत नव्हतो सिद्धू, आईशप्पथ. माल जास्ती हुता. गल्लीच्या तोंडाला गतिरोधकावर गाडी आदळली अन् मागचे दोनी टायर वर घासले. गुर्रर्र! समदी गाडी थरथरायली, बाजूचे पत्रे वाजायले. बघतो तर गल्लीतले म्हातारे, लेकरं, समदे घराभाईर पळायलेत! आमच्या गावात तसला आवाज आला की कशाचा हाय म्हणून कुनी थांबून बघत न्हाई. मलाबी वाटलं, भूकंपच. आवाज गाडीचा का जमिनीचा, मलाच कळंना. गाडी बंद केली, उडी टाकली अन् पळत जाऊन घरात शिरलो."

"शिरलात? आत?"

"तुझी अक्का अन् पोरं गल्लीत दिसली हुती, आई दिसली न्हाई. आत आसंल म्हणलं. ही खोली बघ, ती खोली बघ, हाका मारायलो. तेवढ्यात मागून कुनीतरी दंड धरला अन् वढत भाईर काढलं. आईच हुती! ती कवाच भाईर गेलती. मी आत शिरताना दिसलो म्हणून माघारी आली. समद्या गल्लीम्होरं माझ्या मुस्काटात दिली. 'आत कशाला शिरलास?' म्हणली."

दाजींचे वडील त्र्याण्णवच्या मोठ्या भूकंपात गेले. दाजी तेव्हा सात वर्षांचे, मामाच्या गावी होते. वडील कसे गेले, ते दाजींच्या आईनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. विषय निघाला की त्या उठून जायच्या.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, तुला आनायला."

मी विचारलं, "मग?"

दाजींनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणली, 'तुझा बापबी मलाच आनायला आत गेलता. मी भाईरच हुते.'"