दारापर्यंतची चाल

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लाँड्री आहे आणि तिच्या डोक्यावर माझा कॉम्प्युटर क्लास. खालून इस्त्रीची वाफ वर येते, त्यामुळे माझ्या क्लासला बारा महिने ओलसर, गरम कपड्यांचा वास असतो. मी टायपिंग शिकवतो, हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवतो, आणि पोरांनी फिरकावं म्हणून पाटीवर शेवटी ‘काडीच्या माणसांचं अ‍ॅनिमेशन’ असंही रंगवून घेतलं आहे. पोरं येतात, काडीची दोन माणसं एकमेकांना लाथा घालू लागली की खूश होऊन जातात. नीट चालणारा माणूस काढायला सांगितला तर त्यांना जांभया येतात.

लाँड्रीवाल्या बाई एका दुपारी जिना चढून वर आल्या तेव्हा मला वाटलं, माझे शर्ट न्यायचे राहिले म्हणून झापायला आल्या. पन्नाशी उलटलेल्या, उंच, हाडापेराने मजबूत बाई. जन्मभर जड इस्त्री ओढून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेलेला. जीभ अशी की गिऱ्हाईक कपडे न्यायला यायचं आणि वर दोन शब्द ऐकून जायचं. दुपारी त्यांचं दुकान बंद असायचं आणि माझा क्लास रिकामा असायचा, एवढाच आमचा शेजार.

“सर, ते काडीपैलवान चालवायला तुम्हीच शिकवता ना?”

“कोणाला शिकायचंय? भाचाबिचा आहे का?”

“भाचा असता तर त्याला पाठवलं असतं. मला शिकायचंय.”

मला हसू आलं. त्या उभ्याच होत्या.

“हसून झालं असेल तर कुठे बसायचं ते सांगा,” त्या म्हणाल्या.

मी खिडकीजवळचं मशीन दिलं. त्यांनी माऊस धरला तो इस्त्री धरावी तसा, वरून दाब देऊन. टेबल हललं. काय काढायचंय असं विचारलं तर उत्तर तयार होतं. एक माणूस, खांद्याला बॅग. इथून निघतो, दारापर्यंत जातो, दारात थांबतो आणि मागे वळून बघतो.

“मग?”

“मग काय? संपलं.”

काडीचा माणूस म्हणजे डोक्याचा एक गोल आणि अंगाच्या चार-दोन रेघा. सांधा असेल तिथे ठिपका. ठिपका थोडा सरकवायचा, चित्र साठवायचं, परत थोडा सरकवायचा. आधीच्या चित्राची फिकट सावली मागे दिसत राहते, म्हणजे किती सरकवलं ते कळतं. अशी चित्रं भराभर दाखवली की माणूस चालतो. नवशिक्याचा माणूस चालतो असं म्हणायचं आपलं; खरं तर तो झटके खात पुढे ढकलला जातो.

बाईंचा काडीपैलवान झटकेसुद्धा खात नव्हता. तो ताठ होता. त्यांनी गुडघा वाकवला की पुढच्याच चित्रात त्या तो सरळ करून टाकायच्या. पाठ जरा पुढे झुकली की ओढून उभी. कोपराला बाक आला की लगेच हात रेघेत. असा प्रकार मी कुठल्या पोराकडून कधी पाहिला नव्हता. मी कपाळाला हात लावला.

“बाई, तुम्ही त्याला सरळ का करताय?”

“वाकडं दिसलं की हात आपोआप जातो, सर.”

“माणूस म्हणजे पँट नव्हे. गुडघ्याला चुणी पडल्याशिवाय पाऊल उचलत नाही.”

त्यांनी थोडा विचार केला आणि डाव्या हाताने आपलं उजवं मनगट धरून ठेवलं. “बरं. राहू दे चुणी,” म्हणाल्या. पुढे बरेच दिवस त्या तशाच बसायच्या, एका हाताने दुसऱ्याला आवरत.

मी चिडका माणूस आहे. शिकवताना माझा आवाज चढतो, पोरं घाबरतात. बाई घाबरायच्या नाहीत, त्या माझं सगळं ऐकून घ्यायच्या आणि वर म्हणायच्या, “ओरडून झालं? आता परत सांगा, सावकाश.” त्यामुळे मला सावकाश सांगावं लागायचं, आणि सावकाश सांगताना मलाच ते नीट कळायचं. टेकलेला पाय जमिनीला चिकटून राहिला पाहिजे, घसरता कामा नये. माणूस उजवं पाऊल टाकतो तेव्हा डावा हात पुढे येतो. कंबर प्रत्येक पावलाला जराशी खाली जाते, जराशी वर येते. निघताना चित्रं जवळ जवळ, मध्ये लांब लांब, थांबताना पुन्हा जवळ जवळ, कारण कोणीही एकदम वेग घेत नाही आणि एकदम थांबत नाही. बाईंना हे पटायचं. बॅग कुठल्या खांद्याला आहे त्यावर अख्खं अंग कुठे कलतं, ते तर त्यांनी न सांगता काढलं. खरं सांगतो, दुपारची मी वाट बघू लागलो होतो. माझ्याकडेही त्या वेळी बोलायला दुसरं कोणी नसायचं.

बाईंची हकीकत गल्लीला माहीत होती तेवढी मलाही माहीत होती. आई-वडील लागोपाठ गेले तेव्हा त्या विशीत होत्या आणि भाऊ प्राथमिक शाळेत. लाँड्री त्यांनी अंगावर घेतली आणि भावालाही. स्थळं आली ती त्यांनी परत पाठवली. आधी याचं शिक्षण होऊ दे म्हणाल्या, मग नोकरी लागू दे म्हणाल्या, मग कोणी यायचं थांबलं. भाऊ शिकला, नोकरीला लागला आणि एक दिवस घर सोडून गेला. का गेला याबद्दल गल्लीत जितकी तोंडं तितक्या गोष्टी होत्या. बाईंनी कोणालाच ताकास तूर लागू दिली नव्हती. लाँड्रीच्या मागच्या खोलीत त्या एकट्या राहायच्या आणि संध्याकाळी शटर ओढताना स्वतःशीच काहीतरी पुटपुटायच्या. लोक म्हणायचे, बाईंना सवय झाली. मला नाही वाटत अशी काही सवय होते.

काडीपैलवान दारापर्यंत छान जाऊ लागला. घोडं अडलं ते वळण्यापाशी. बाई त्याला दारात उभा करायच्या आणि फिरवायच्या, तर तो चाकावर ठेवलेल्या खांबासारखा गर्रकन फिरायचा. मान आधी वळवून पाहिली, मग खांदे, मग पाय. थोडं सुधारलं, पण खरं वाटेना. बाईंनी पुसून पुसून काढलं. “हा मला कोणीतरी ढकलून फिरवल्यासारखा वाटतो,” त्या म्हणाल्या. “स्वतःच्या मनाने वळत नाही.”

“कारण तुम्ही त्याला दारात पोचल्यावर वळवताय. वळायचं मनात आलं की ते आधी पावलात येतं. बघा.”

मी उठलो. खुर्च्यांच्या मधून दारापर्यंत सरळ चालत गेलो आणि बाहेर पडलो. मग परत आलो, खांद्याला माझी बॅग लावली आणि पुन्हा गेलो, पण यावेळी मागे वळायचंय असं मनात धरून. दाराच्या अलीकडचं पाऊल आपोआप आखडलं, टाच टेकायला जरा उशीर झाला, अंगाचा भार एका पायावर रेंगाळला. हे मी मुद्दाम केलं नव्हतं. ज्याला वळायचं असतं त्याचं असंच होतं.

“परत करा,” बाई म्हणाल्या.

मी परत केलं.

“आता वळू नका. मनात ठेवा, पण वळू नका. तसेच जा.”

मी तसं केलं आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. आतून काहीच आवाज येईना म्हणून मागे आलो. बाई स्क्रीनकडे बघत नव्हत्या, दाराकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

“तो असाच गेला,” त्या म्हणाल्या.

“कोण?”

“भाऊ माझा.”

मग त्यांनी सांगितलं. क्षुल्लक काहीतरी कारण होतं. दुसऱ्या गावी बदली मागितली होती त्याने, बहिणीला न विचारता. त्या इस्त्री करत होत्या, रागात बोलून गेल्या की तुझ्यापायी माझ्या आयुष्याचं मातेरं झालं. तो आत गेला, बॅग भरली, त्यांच्या टेबलाजवळून, टांगलेल्या कपड्यांच्या मधून दाराकडे निघाला. त्यांच्या हातात इस्त्री होती. त्या फक्त त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या.

“मी म्हटलं, वळून बघेल. बघितलं तर मी काहीतरी बोलेन. त्याने बघितलंच नाही. मग मी मनाशी ठरवून टाकलं की याला माझं काही नव्हतंच. इतकी वर्षं तेच धरून बसले. म्हणून हा उद्योग मांडला, सर. निदान इथे तरी वळवावा त्याला.” त्यांनी स्क्रीनकडे हात केला. “पण ते पाऊल मी बघितलं होतं हो. दाराच्या अलीकडे आखडलं होतं. तेव्हा मला ते काय आहे ते कळलं नाही.”

मला फार अवघडल्यासारखं झालं. मी म्हटलं, “उंबऱ्यामुळे असेल.”

“शटरला कुठला उंबरा?”

“बॅग जड असेल मग.”

“दोन-चार शर्ट होते बॅगेत. मीच इस्त्री केलेले.” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्हीच शिकवलंत ना आत्ता? आता शब्द फिरवू नका.”

मग मला वाटलं, भावाच्या मनात वळायचं होतं हे कळून बाईंना जरा बरं वाटेल. तसं काही झालं नाही. उठताना त्या म्हणाल्या, “म्हणजे तो हाकेसाठी थांबला होता.”

पुढे कित्येक दुपारी त्या आल्या नाहीत. मी एकदा खाली गेलो, शर्ट घेतले आणि धीर करून म्हटलं, “बाई, अजून काय बिघडलंय? आता मारा हाक. फोन करा.” त्यांनी शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली. त्याचा नंबर केव्हाच बदलला होता. त्याच्या एका मित्रामार्फत त्यांनी पूर्वी निरोप धाडला होता, तर उलट निरोप आला, ताईला सांग मी बरा आहे. पत्ता द्यायला मित्राला मनाई होती.

“बरा आहे ना, मग झालं,” त्या म्हणाल्या. आवाजात काही दम नव्हता.

एका दुपारी त्या पुन्हा वर आल्या. मशीन चालू केलं आणि काडीपैलवानाचं वळणं पुसून टाकलं. आता तो निघायचा, बॅगेच्या बाजूला किंचित कलून चालायचा, दाराच्या अलीकडे त्याचं पाऊल आखडायचं, भार एका पायावर रेंगाळायचा, आणि तो जायचा. इतकी खरी चाल माझ्या क्लासमध्ये कोणी काढली नव्हती, मीसुद्धा नाही. चार रेघा आणि एक गोल, पण तो माणूस थांबू की नको या विचारात आहे हे कोणालाही कळलं असतं. मी शाबासकी देणार होतो, ती तोंडातच राहिली, कारण बाईंनी चित्राच्या दुसऱ्या टोकाला एक टेबल काढलं आणि टेबलामागे काडीची एक बाई उभी केली.

“ही हाक मारते. कसं काढायचं? हिला तोंड तर नाही.”

“अंगाने काढायचं. आधी छाती भरते, अंग जरासं मागे जातं. मग पुढे झेपावतं. हात टेबलावरून सुटतो.”

त्या करत राहिल्या. रोज दुपारी. छाती भरायची, हात उठायचा, काडीची बाई पुढे झुकायची, आणि दर वेळी ती शिंकल्यासारखी दिसायची, नाहीतर पडल्यासारखी. हाक काही येईना. तिकडे काडीपैलवान त्या एका पावलावर रेंगाळायचा आणि निघून जायचा. मी पोरांना सांगतो तेच शेवटी बाईंना सांगितलं, की अडलं तर आपण स्वतः ते कसं करतो ते डोळ्यांपुढे आणावं आणि बघून काढावं.

“त्याची चाल मी बघितली होती, सर, म्हणून ती आली,” बाई म्हणाल्या. “ही हाक मी मारलीच नाही. काय डोळ्यांपुढे आणू?”

त्यांनी काडीच्या बाईचा हात पुन्हा टेबलावर आणून ठेवला आणि पहिल्या चित्रापासून सुरुवात केली.